गुडघ्याच्या वरचा रस्ता: सेन्सरवाली काठी घ्यावी का, कुणी घ्यावी, काय अपेक्षा ठेवावी

उंबरठा (धागाकर्ती)

या विषयावर मला इथे वरचेवर व्यनि (खाजगी निरोप) येतात. कुणाच्या वडिलांची नजर काचबिंदूने गेलेली असते, कुणाच्या भाचीला रेटिनायटिस पिगमेंटोसा असल्याचं नुकतंच कळलेलं असतं. प्रश्न मात्र एकच: "ती सेन्सरवाली काठी घेऊ का?" प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही त्यात भर घालता येईल.

माझ्याबद्दल थोडक्यात. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, आहे. लहानपणी रातांधळेपणा, पुढे दोन्ही बाजूंची नजर आक्रसत गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते, रोज पीएमपीच्या बसने जाते-येते. पांढरी काठी कॉलेजपासून हातात आहे आणि तिच्या मुठीवर बसणारं स्मार्टकेन हे उपकरण बरीच वर्षं वापरतेय.

आधी साध्या काठीचं काम समजून घ्या, नाहीतर या उपकरणाचं काम कळणार नाही. पांढरी काठी जमीन वाचते. पायरी, फूटपाथची कड, खड्डा, वाळूचा ढीग, गटाराचं हलतं झाकण हे सगळं तिच्या टोकातून तळहाताला कळतं. डांबर संपून पेव्हर ब्लॉक लागले की आवाज बदलतो, त्यावरून मला माझी गल्ली ओळखता येते. पण तिची पोच गुडघ्यापर्यंत. आपल्या रस्त्यांवर गुडघ्याच्या वर काय काय असतं ते आठवून बघा. अर्धवट ओढलेलं दुकानाचं शटर, रसवंतीच्या ताडपत्रीचा दोर, खालच्या मजल्यावरच्या एसीचं बाहेरचं युनिट, उघडी खिडकी, झाडाची तुटून लोंबणारी फांदी, विजेच्या खांबाची तिरपी ताणाची तार, गणपतीच्या दिवसांत मंडपाचे आडवे बांबू.

सगळ्यात वाईट म्हणजे फाळका पाडून उभा असलेला टेम्पो. फाळका आडवा, साधारण पोटाच्या उंचीवर. काठी त्याच्या खालून सरळ पलीकडे जाते, तिला काही लागतच नाही. काठीच्या हिशेबी रस्ता मोकळा असतो आणि माणूस आहे त्या वेगाने पत्र्याच्या कडेवर जातो. त्यातून सळया भरलेल्या असतील आणि त्या मागे चार हात बाहेर आलेल्या असतील, तर चेहऱ्यालाच धोका. पायाला लागलं तर माणूस आठ दिवसांनी पुन्हा बाहेर पडतो. चेहऱ्याला लागलं की घरचे म्हणतात, "आता एकटी जाऊ नकोस." तिथून पुढे बाहेर पडणं कायमचं दुसऱ्याच्या सवडीवर जातं. माझ्या ओळखीतल्या किती हुशार मुली अशा घरात बसल्या आहेत.

या एका धोक्यासाठी स्मार्टकेन तयार झालं. आयआयटी दिल्लीतल्या असिस्टेक या प्रयोगशाळेत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडलं. दृष्टिहीनांसाठी काम करणारी दिल्लीची सक्षम ही संस्था त्यात होती, उत्पादन चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्सने केलं आणि पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्ट या संस्थेचा होता. २०१४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा किंमत साधारण ३००० रुपये होती. त्या काळी परदेशी उपकरणांच्या किमती अनेक पटींनी जास्त होत्या, आमच्यातलं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. पुढे दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत सरकारी शिबिरांतही ते मिळू लागलं.

घडीच्या काठीच्या वरच्या भागावर ही मूठ बसते. पुढच्या बाजूला सेन्सर. त्यातून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि मूठ थरथरते. वस्तू जवळ आली की थरथरीची चाल बदलते, तीव्र होते. दोन मोड आहेत. घरात, ऑफिसात, गर्दीत वापरायचा जवळचा मोड साधारण १.८ मीटरपर्यंत बघतो, मोकळ्या रस्त्यावरचा लांबचा मोड ३ मीटरपर्यंत. बस्स, एवढंच काम आहे, आणि एवढंच करतं म्हणून मला ते आवडतं.

कामाला कसं येतं ते सांगते. काठी डावी-उजवीकडे फिरवताना डावीकडे थरथर आहे आणि उजवीकडे नाही, म्हणजे उजवीकडून वाट आहे. बँकेच्या दारात रांग असेल तर पुढच्या माणसाच्या पायाला काठी न लावता मला थांबता येतं. हे डोळसांना किरकोळ वाटेल. पण दिवसभर लोकांच्या घोट्यांना काठी लागणं, प्रत्येकाने दचकून वळणं आणि आपण दर वेळी "सॉरी" म्हणणं याने माणूस थकतो. गायीच्या अंगाला काठी लावायच्या आधी तिथे काहीतरी मोठं उभं आहे हे कळतं, याची किंमत आमच्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल.

आता ते काय करत नाही. खड्डा सांगत नाही, उघडं मॅनहोल सांगत नाही, उतरती पायरी सांगत नाही. ते काम खालच्या टोकाचंच. दिशा सांगत नाही, बसचा नंबर सांगत नाही. आणि धावत्या गाडीपासून वाचवत नाही. ताशी ३० किलोमीटरने येणारी स्कूटर ३ मीटर अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापते, तेवढ्यात मूठ थरथरून उपयोग काय? गाडी कानांनीच ओळखायची असते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्याला पांढरी काठी नीट चालवता येत नाही त्याने हे उपकरण आधी घेऊ नये. आधी मोबिलिटीचं, म्हणजे काठीने एकट्याने फिरण्याचं प्रशिक्षण, मग हे. उलट क्रमाने घेतलेली कित्येक उपकरणं कपाटात पडलेली मी पाहिली आहेत.

मुक्काम पोस्ट वाई

फार उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली. फाळका पाडलेल्या टेम्पोचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या दुकानासमोर माल उतरवताना रोज तसाच उभा असतो. उद्यापासून ड्रायव्हरला सांगून माल उतरला की लगेच बंद करून घेईन.

सातारारोड

ताई, तुम्ही लिहिलेले ते काचबिंदूवाले वडील माझेच असावेत, मीच व्यनि केला होता. :) इथे सगळ्यांसमोर विचारतो. वडील ६८ वर्षांचे. आयुष्यभर एसटी चालवली. काचबिंदू उशिरा लक्षात आला, आता समोरचं थोडंसं दिसतं पण बाजूचं काहीच नाही. माणूस बाजूने आला की धडकतात, आणि लोकांना वाटतं मुद्दाम धक्का मारला.

पांढऱ्या काठीला ते हात लावत नाहीत. म्हणतात, "ती घेतली की गावाला कळेल." पण "मशीन आहे" म्हटल्यावर उत्सुकता दाखवली. प्रश्न असा की नेहमीच्या आधाराच्या काठीवर हे बसवता येईल का? किंवा नुसतं हातात धरून चालेल का?

उंबरठा

@सातारारोड, नाही चालणार, दोन कारणांनी.

आधाराच्या काठीवर वजन टाकायचं असतं, ती अंगाजवळ असते. आमची काठी पुढे तिरपी असते आणि तिने पुढची वाट चाचपायची असते. उपकरण त्या तिरप्या काठीच्या हिशेबाने बनवलेलं आहे. नुसतं हातात धरलं तर वरचं कळेल आणि खालचा खड्डा राहील.

दुसरं कारण रंगाचं. पांढरा रंग तुमच्या वडिलांसाठी नाही, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरसाठी आहे. ब्रिस्टलमध्ये जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. आजूबाजूच्या गाड्यांना आपण दिसावं म्हणून त्यांनी १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. पुढे १९३१ मध्ये पॅरिसमध्ये गिली देर्बमों या बाईंनी अंध लोकांना पांढऱ्या काठ्या द्यायची मोहीम चालवली, आणि अमेरिकेत लायन्स क्लबने हेच काम उचललं. म्हणजे मुळात ही गाड्यांशी बोलणारी काठी आहे. वडिलांनी इतकी वर्षं स्टिअरिंग धरलंय. त्यांना विचारा, रात्री घाटात रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस कशाने दिसायचा? मला वाटतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं समजेल.

आणि "गावाला कळेल" याबद्दल. थोडं दिसणाऱ्यांचा त्रास आमच्यापेक्षा वेगळा असतो हे मी जवळून बघितलंय, कारण मीही त्यातून गेले. काठी घेतली तर लोक म्हणतात, "तुम्हाला दिसतंय की, आत्ता मोबाइल बघत होतात," आणि नाही घेतली तर "बघून चाला ना." लोकांना धक्का मुद्दाम मारला असं वाटतं म्हणालात, ते तर काठी हातात आली की त्या दिवसापासून थांबेल.

चालती पावलं

मी मोबिलिटी प्रशिक्षक आहे, बरीच वर्षं हेच काम करतो. उंबरठा ताईंच्या "आधी काठी" या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन.

लांब काठीचं आजचं तंत्र दुसऱ्या महायुद्धात तयार झालं. युद्धात दृष्टी गेलेले सैनिक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात यायचे. तिथे रिचर्ड हूवर यांनी १९४४ च्या सुमारास आखूड आधाराच्या काठीऐवजी लांब, हलकी काठी आणली आणि ती चालवायची पद्धत बसवली. काठीची उंची साधारण छातीच्या हाडापर्यंत. भरभर चालणाऱ्याला त्याहून थोडी जास्त लागते.

पद्धत अशी. मूठ बेंबीसमोर, शरीराच्या मधोमध. हात हलवायचा नाही, मनगट हलवायचं. खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन-दोन बोटं जास्त एवढाच झोका. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकलं पाहिजे, उजवा पडताना डावीकडे. म्हणजे पुढचा पाय जिथे पडणार ती जागा एक पाऊल आधीच तपासली जाते. ऐकायला सोपं आहे, पण हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. नवीन माणसाचा पाय आणि टोक हमखास एकाच बाजूला पडतात, आणि तसं झालं की अर्धी वाट न तपासताच राहते.

आता यावर सेन्सरची मूठ आली की काय होतं बघा. मूठ जाड होते, वजन वाढतं. मनगट फिरवायच्या ऐवजी माणूस मूठच पिळतो आणि सेन्सरचं तोंड वाकडं होतं. मग तो आकाशाला नाहीतर शेजारच्या भिंतीला बघत राहतो आणि माणूस म्हणतो, "सारखं उगीच थरथरतंय." उपकरण बिघडलेलं नसतं. म्हणून मी आधी साध्या काठीवर मनगट पक्कं करून घेतो, मग मूठ बसवतो, आणि पहिले काही दिवस ओळखीच्या बंद खोलीतच. एक दार उघडं, एक खुर्ची मध्ये, एक दोरीवर टांगलेली पिशवी. पिशवी नुसती थरथरीवरून ओळखून तिच्याखालून न जाता बाजूने गेलात की मग रस्ता.

@सातारारोड, वडिलांच्या बाबतीत घरातल्या माणसांनाही एक दिवस शिकायला बसवा. बरेचदा मुलगाच दंड पकडून ओढत नेतो. तसं न करता वडिलांनी तुमचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. तुमचं शरीर वर-खाली झालं की त्यांना पायरी आपोआप कळते.

प्रतिध्वनी

इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे, यंत्राच्या मर्यादा थोड्या उलगडून सांगतो, म्हणजे "कधी थरथरतं, कधी नाही" याचं कोडं राहणार नाही.

आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. असे सेन्सर बहुधा ४०,००० हर्ट्झच्या आसपास काम करतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. समोर ३ मीटरवर खांब असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन ६ मीटर कापायचे, म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी वेळ. त्यामुळे काठी झोकत असतानाही प्रत्येक दिशेचं मोजमाप आरामात होतं.

अडचण परतीच्या प्रवासात येते. कॅरमच्या सोंगटीसारखा ध्वनीसुद्धा ज्या कोनात आपटतो त्याच कोनात पलीकडे जातो. गुळगुळीत भिंतीकडे तिरपे चालत गेलात तर प्रतिध्वनी तुमच्याकडे येतच नाही, दुसरीकडे निघून जातो. काठी झोकत राहिली की कोन बदलतो आणि भिंत सापडते, म्हणून झोका थांबवू नका. दुसरं, मऊ आणि जाड कापड ध्वनी शोषतं. वाळत घातलेली गोधडी भिंतीइतकी ठळक कळणार नाही. याउलट काच छान कळते. मॉलमधले काचेचे दरवाजे कॅमेऱ्याला फसवतात, डोळसांनाही फसवतात, पण ध्वनीसाठी काच म्हणजे भिंतच.

ही कल्पना नवी नाही. लेस्ली के या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच हातात धरायचा सोनिक टॉर्च केला होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत लेझर केन आली, तिच्यातून तीन किरण निघायचे: एक वर, एक सरळ, एक खाली, म्हणजे खड्ड्यासाठीसुद्धा. एवढ्या जुन्या कल्पना असूनही त्या घरोघरी पोचल्या नाहीत, त्याला किंमत हे मोठं कारण आहे. त्या दृष्टीने ३००० रुपयांचं उपकरण करून दाखवणं ही मला तांत्रिक शोधापेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

थेम्सकाठ

लंडनहून. माझी नजर गेली ती इथे आल्यावर, त्यामुळे काठी मी इथेच शिकलो. माझ्याकडे अल्ट्राकेन आहे. लीड्स विद्यापीठातल्या संशोधनातून ती आली, वटवाघळं अंधारात कशी उडतात या अभ्यासातून. तिच्यात दोन स्वतंत्र सेन्सर आहेत, एक समोर आणि एक वर, आणि अंगठ्याखाली दोन वेगळी बटणं. पुढचं बटण थरथरलं की समोर काही आहे, मागचं थरथरलं की डोक्याच्या उंचीवर. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण समोर खांब असेल तर वळायचं आणि वर फांदी असेल तर वाकायचं.

मित्राकडे वीवॉक नावाची काठी आहे. इस्तंबूलच्या यंग गुरू अकॅडमीतून ती निघाली, तिच्या संस्थापकांपैकी एक स्वतः अंध आहेत. ती फोनला जोडली जाते, मुठीवर टचपॅड आहे, नकाशा बोलतो. फोन खिशात ठेवून चालता येतं हा तिचा मोठा फायदा. पण ती बाजारात आली तेव्हाच सुमारे ५०० डॉलरची होती, आणि अ‍ॅप अद्ययावत झालं की अधूनमधून काहीतरी अडतं असं तो सांगतो.

मला मात्र वेगळंच सांगायचंय. इथे माझी काठी कमी कामाची आणि रस्ताच जास्त कामाचा आहे. सिग्नलच्या बटणाच्या पेटीखाली एक छोटासा खरखरीत शंकू असतो. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की तो फिरायला लागतो. बोट लावून उभं राहायचं, फिरला की निघायचं. कुणाला विचारायला नको, गोंगाट असला तरी अडत नाही. कितीतरी डोळस लंडनकरांना तो तिथे आहे हेच माहीत नाही. शिवाय युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला कमी वेगात आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे. पुण्यात सुट्टीला आलो की इलेक्ट्रिक स्कूटरची मला खरोखर भीती वाटते. शेजारून गेल्यावर नुसता वारा लागतो, आधी काहीच कळत नाही.

उंबरठा

@थेम्सकाठ, तो शंकू मला बोटाने एकदा अनुभवायचाय!

रस्त्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. फूटपाथवरच्या त्या पिवळ्या उठावाच्या फरश्या जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये शोधल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. मेट्रो स्टेशनात त्या नीट आहेत आणि मी त्यांच्यावरून बिनधास्त चालते. पण बाहेर पडल्यावर फूटपाथवर त्याच पट्ट्या मला सरळ विजेच्या डीपीच्या पेटीवर नेऊन सोडतात. कुणीतरी पैसे खर्चून, मेहनत करून बसवलेल्या आहेत, फक्त बसवताना एकदा डोळे मिटून चालून बघितलं असतं तर! मुंबईच्या लोकल स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप वाजते, ती सोय मात्र साधी आणि उत्तम आहे. माझ्या मुंबईच्या मैत्रिणी तिच्यावर विसंबून असतात.

सोल्डरगन

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी स्मार्ट स्टिकच घेतली आहे. आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एचसी-एसआर०४ हा ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर, बझर. अडथळा आला की बझर वाजतो आणि "ऑब्स्टॅकल अहेड" असं बोलतं. हा धागा वाचून वाटतंय की आम्ही अजून कुठल्याही अंध व्यक्तीशी बोललेलोच नाही. काय बदलावं ते सांगाल का?

उंबरठा

@सोल्डरगन, विचारलंस हे फार छान केलंस. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून अशी काठी घेऊन मुलं येतात. मी वेळ काढून प्रत्येकाला भेटते, कारण मनापासून केलेलं काम असतं. पण जवळजवळ प्रत्येक काठी बोलते किंवा वाजते, आणि तिथेच गाडी अडते.

माझे कान मला रस्त्यासाठी हवेत. चौकात उभी असते तेव्हा डावीकडची बस सुटली का, रिक्षा वळताना वेग कमी झाला का, शेजारची बाई चालायला लागली का, हे सगळं मी ऐकत असते. भिंत संपून गल्लीचं तोंड आलं की आवाज मोकळा होतो, त्यावरून मला वळण कळतं. त्यात हातातली काठी "ऑब्स्टॅकल अहेड" म्हणाली तर त्या दोन सेकंदांत मी ठार बहिरी झालेली असते. शिवाय बसमधले सगळे वळून बघतात ते वेगळंच. तेव्हा बझर काढा, मुठीत कंपनाची मोटर घाला. समोरचं आणि डोक्याच्या उंचीवरचं यांची थरथर वेगळी ठेवा, थेम्सकाठ यांनी लिहिलंय तसं. वजन मुठीकडे ठेवा, टोकाकडे अजिबात नको, नाहीतर मनगट भरून येतं. वायर बाहेर लोंबू देऊ नका. काठी घडी करून मांडीवर ठेवता आली पाहिजे.

आणि खरंच नवीन काही करायचं असेल तर बसचा नंबर घ्या. थांब्यावर चार बस लागोपाठ येतात आणि मी प्रत्येक दारात जाऊन "कुठली?" विचारते, तोवर माझी निघून जाते. आयआयटी दिल्लीच्या त्याच प्रयोगशाळेने ऑनबोर्ड नावाचं उपकरण केलं होतं. बटण दाबलं की बसमधल्या स्पीकरवरून नंबर ऐकू येतो, त्यामुळे दार कुठे आहे तेही आवाजावरून कळतं. दिल्लीत आणि मुंबईत बेस्टच्या बसवर त्याच्या चाचण्या झाल्या. तुमच्या शहरात तसं काही करता आलं तर मी चाचणीला थांब्यावर येऊन उभी राहीन.

प्रतिध्वनी

@सोल्डरगन, मोटर आणि सेन्सर एकाच कवचात घट्ट बसवू नका, मध्ये रबर द्या. आणि ज्या सेन्सरचं नाव घेतलंत तो उघडा असतो, पाण्याने लगेच खराब होतो. गाड्यांच्या पार्किंग सेन्सरमध्ये वापरतात तसा बंद तोंडाचा घ्या. मात्र तो अगदी जवळचं मोजत नाही, तेवढं लक्षात ठेवा. काठीच्या मुठीत हे चालून जातं, कारण पाव मीटरवरचं तसंही हाताला कळतं.

नेत्रपटल

कागदपत्रांचं कुणी विचारलं नाही तरी लिहितो, कारण रुग्ण तिथेच अडतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून उपकरणं मिळतात. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती बदलत असते, तेव्हा शिबिराच्या आधी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात विचारून घ्या. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा, सगळीकडे तेच लागतं. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. खेडेगावात हे अनेकांना माहीत नसतं. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

एक विनंती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली औषधांनी टिकवता येते. काठी आली म्हणून थेंब बंद करू नका. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर सख्ख्या भावंडांची व मुलांची तपासणी करून घ्या. @सातारारोड, हे तुमच्यासाठीही.

सातारारोड

@नेत्रपटल, धन्यवाद, माझी वेळ घेतली आहे.

धागा वर काढतोय. "घाटात कडेने चालणारा माणूस" हे मी वडिलांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पांढरं धोतर लांबून दिसायचं." दुसऱ्या दिवशी स्वतःच प्रशिक्षकांना फोन लावायला सांगितला. सध्या साधी काठी चालली आहे, घर ते देऊळ. स्मार्टकेन शिबिरातून मिळालं आहे, पण ते फक्त घरात, दोरीवर टांगलेल्या पिशवीवर. एकदा हट्टाने मंडईत घेऊन गेले, तिथे मूठ थांबायचंच नाव घेईना, वैतागून बंद केलं.

त्यांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: "हे वाजल्यापासून ब्रेक लावायला किती अंतर मिळतं?"

चालती पावलं

मंडईत बंद केलं ते बरोबरच केलं. अशा गर्दीत सगळीकडे माणसंच असतात, तिथे थरथरीला अर्थ उरत नाही. तिथे साधी काठी उभी, अंगाजवळ धरायची आणि लहान पावलं. मोकळा रस्ता लागला की पुन्हा चालू.

प्रतिध्वनी

काकांचा प्रश्न आवडला, उत्तरही ड्रायव्हरला देतात तसंच देतो. त्यांच्या वयाच्या माणसाचा जपून चालण्याचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर. लांबच्या मोडमध्ये ३ मीटरवर सूचना आली तर हातात ३ सेकंद. थरथर जाणवून पाय थांबेपर्यंत एक सेकंद धरा, तरी २ मीटर शिल्लक राहतात. जवळच्या मोडमध्ये १.८ मीटरवर तेच गणित केलं तर पाऊण मीटर उरतो, म्हणजे जेमतेम एक पाऊल. तेव्हा रस्त्यावर लांबचाच मोड. भरभर चालले तर ही शिल्लक झपाट्याने कमी होते, हे त्यांना मी सांगायला नको.

उंबरठा

@सातारारोड, काकांना माझा नमस्कार सांगा. आणखी दोन गोष्टी, कारण पाऊस तोंडावर आलाय. भिजू नये म्हणून मुठीला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका. सेन्सरचं तोंड झाकलं की त्याला पिशवीच अडथळा वाटते, नाहीतर पुढचं काहीच कळत नाही. मोठा पाऊस असेल तर मूठ काढून पिशवीत ठेवायची आणि साध्या काठीने घरी यायचं. घरी आल्यावर सेन्सर कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा. आणि चार्जिंग रोज रात्री, फोनबरोबरच लावायची सवय ठेवा. बॅटरी अर्ध्या रस्त्यात संपली की आपल्याला कळत नाही, थरथर नाही म्हणजे वाट मोकळी असं वाटत राहतं. निघताना दारातच स्वतःचा तळहात सेन्सरसमोर धरून बघायचा. थरथरलं तर निघायचं.